पद आणि माणूस : हिंगोली जिल्ह्यातील आरोग्य मनुष्यबळाच्या अभ्यासाची प्रस्तावना

१ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्याचे विभाजन होऊन हिंगोली जिल्हा अस्तित्वात आला आणि हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, औंढा नागनाथ व वसमत या पाच तालुक्यांना स्वतःचे जिल्हाधिकारी कार्यालय, स्वतःची जिल्हा परिषद आणि जिल्हा दर्जाचे रुग्णालय मिळण्याचा मार्ग मोकळा झाला. परंतु इमारत उभी राहणे, तिला खाटा मिळणे आणि त्या खाटांशेजारी रात्री-अपरात्री जागी असलेली प्रशिक्षित माणसे मिळणे या तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्या दोन गोष्टी निधीने होतात, तर तिसरीला निधीखेरीज दहा-पंधरा वर्षांचा विचार लागतो, आणि आपल्याकडे हाच विचार सर्वांत उशिरा आणि सर्वांत घाईने केला जातो. कोणत्या कामासाठी, कोणत्या कौशल्याची, किती माणसे, कोठे आणि केव्हा लागतील याचा अंदाज बांधणे, ती माणसे योग्य मार्गाने निवडणे आणि निवडल्यानंतर त्यांचे ज्ञान, उमेद व सेवेतील प्रगती टिकवणे, या तिन्ही कामांना मिळून आरोग्य मनुष्यबळाचे नियोजन, भरती आणि विकास असे म्हटले जाते. या तीन कामांत भरतीची चर्चा फार होते, नियोजनाची थोडी होते आणि विकासाची जवळजवळ होतच नाही.

२०११च्या जनगणनेनुसार हिंगोली जिल्ह्याची लोकसंख्या ११,७७,३४५ होती आणि तिच्यातील सुमारे पंच्याऐंशी टक्के लोक खेड्यांत राहत होते. सोयाबीन, कापूस आणि हळद यांवर जगणाऱ्या, ऊसतोडीसाठी हंगामात बाहेर जाणारी कुटुंबे असलेल्या, आंध आदिवासी व बंजारा वस्त्या विखुरलेल्या या जिल्ह्यात आरोग्यसेवेची रचना महाराष्ट्रात अन्यत्र असते तशीच पायऱ्यापायऱ्यांची आहे. गावात आशा स्वयंसेविका, काही गावांमिळून उपकेंद्र, त्यावर प्राथमिक आरोग्य केंद्र, त्यानंतर ग्रामीण वा उपजिल्हा रुग्णालय आणि शेवटी जिल्हा रुग्णालय अशी ही चढण आहे. मात्र या पायऱ्यांवर उभी असलेली माणसे एकाच धन्याची नाहीत, आणि या विषयाच्या मुळाशी असलेली अडचण बरीचशी येथेच आहे. उपकेंद्रातील नियमित आरोग्य सेविका जिल्हा परिषदेची कर्मचारी असते आणि तिचे काम जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांच्या अखत्यारीत येते. त्याच उपकेंद्रातील समुदाय आरोग्य अधिकारी राष्ट्रीय आरोग्य अभियानाच्या कंत्राटावर असतो. आशा ही शासनाच्या दृष्टीने कर्मचारीच नसून मोबदल्यावर काम करणारी स्वयंसेविका असते. ग्रामीण रुग्णालयातील वैद्यकीय अधिकारी आणि अधिपरिचारिका राज्य शासनाच्या सार्वजनिक आरोग्य विभागाकडून येतात व जिल्हा शल्यचिकित्सकांच्या अधीन असतात, तर नव्या वैद्यकीय महाविद्यालयातील प्राध्यापक वैद्यकीय शिक्षण विभागाचे असून त्यांचे प्रमुख अधिष्ठाता असतात. सेनगाव तालुक्यातील एखादी गरोदर स्त्री नोंदणीपासून प्रसूतीपर्यंत या सर्वांच्या हाताखालून जाते. तिच्यासाठी ती एकच वाट असते, पण त्या वाटेवरील माणसांची मोजणी, निवड, बदली आणि प्रशिक्षण चार वेगवेगळ्या ठिकाणी चालते. जिल्ह्यात आरोग्याचे काम करणारी माणसे एकूण किती, या साध्या प्रश्नाचे संपूर्ण उत्तर कोणत्याही एका टेबलावर सापडत नाही, आणि खासगी दवाखाने व रुग्णालयांतील मनुष्यबळ तर या मोजणीत धरलेच जात नाही, जरी बाह्यरुग्णांचा मोठा भाग तिकडेच जात असला तरी.

ही स्थिती समजून घेण्यासाठी मराठवाड्याचा मागचा इतिहास थोडक्यात पाहावा लागतो. सप्टेंबर १९४८पर्यंत हा प्रदेश हैदराबाद संस्थानात होता आणि संस्थानातील उच्च वैद्यकीय शिक्षण हैदराबाद शहरात एकवटले होते. उस्मानिया विद्यापीठात ते उर्दू माध्यमातून दिले जाई, त्यामुळे कळमनुरी-वसमतकडच्या मराठी मुलाला डॉक्टर होण्यासाठी प्रदेश आणि भाषा या दोन्ही सीमा ओलांडाव्या लागत. मराठवाड्यातील पहिले शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९५६ साली औरंगाबादला सुरू झाले. पुढे अंबाजोगाई, १९८८मध्ये नांदेड आणि नव्या शतकाच्या आरंभी लातूर अशी त्यात भर पडत गेली. त्याच काळात पुणे, मुंबई आणि नागपूरच्या परिसरांत शिक्षणसंस्थांचे जाळे कितीतरी दाट झाले होते. राज्यात वैद्यकीय प्रवेशासाठी दीर्घकाळ सत्तर-तीसचे सूत्र लागू होते, म्हणजे एखाद्या विभागातील महाविद्यालयांच्या सत्तर टक्के जागा त्याच विभागातील विद्यार्थ्यांना आणि तीस टक्के जागा उर्वरित राज्याला मिळत. ज्या विभागात महाविद्यालयेच कमी त्या विभागातील विद्यार्थ्याला या सूत्राने संधीही कमी मिळत असे, म्हणून मराठवाड्यातून त्याला सतत विरोध झाला आणि सप्टेंबर २०२०मध्ये ते रद्द करण्यात आले. हा निर्णय न्याय्य होता. पण या वादात एक प्रश्न मागे पडला. मराठवाड्यातील विद्यार्थ्याला डॉक्टर होता येणे आणि मराठवाड्याला डॉक्टर मिळणे या दोन गोष्टी एक नाहीत, आणि दुसरीची तरतूद प्रवेशाच्या सूत्रात कधीच नव्हती.

विभागीय असमतोलाची चर्चा महाराष्ट्राला नवी नाही. प्रा. वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखालील सत्यशोधन समितीने १९८४मध्ये वेगवेगळ्या क्षेत्रांतील विभागवार अनुशेष, म्हणजे राज्याच्या सरासरीच्या तुलनेत साचलेली तूट, मोजून दाखवली, आणि ती मोजणी रुपयांत मांडल्यामुळे पुढील अनेक वर्षे अर्थसंकल्पावरील वादाला एक निश्चित आधार मिळाला. परंतु रुपयांत मोजलेला अनुशेष खर्च झाला की भरून निघाल्याचा समज होतो. बांधलेले प्राथमिक आरोग्य केंद्र अनुशेष भरल्याच्या रकान्यात जाते, त्या केंद्रातील वैद्यकीय अधिकाऱ्याची खुर्ची रिकामी असली तरी. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की संविधानाच्या अनुच्छेद ३७१(२)मध्ये मराठवाडा व विदर्भासाठी केवळ विकासखर्चाच्या न्याय्य वाटपाचा उल्लेख नाही. तंत्रशिक्षण व व्यवसाय प्रशिक्षणाच्या पुरेशा सोयींचा आणि राज्याच्या सेवेतील पुरेशा संधींचाही त्यात समावेश आहे. म्हणजे माणसांचा अनुशेष मोजण्याचा घटनात्मक आधार पूर्वीपासूनच उपलब्ध होता. तो कोणी गंभीरपणे हाती घेतला नाही, असेच म्हणावे लागते.

मनुष्यबळ मोजण्याच्या पद्धतींकडे वळले की तीन पातळ्या वेगळ्या कराव्या लागतात. पहिली पातळी लोकसंख्येच्या प्रमाणाची. १९४६च्या भोर समितीने नजीकच्या काळासाठी चाळीस हजार लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र सुचवले होते. आजचे राष्ट्रीय निकष सपाट प्रदेशात पाच हजारांमागे उपकेंद्र व तीस हजारांमागे प्राथमिक आरोग्य केंद्र आणि डोंगरी वा आदिवासी भागात अनुक्रमे तीन हजार व वीस हजार असे आहेत. हिंगोलीच्या २०११च्या लोकसंख्येला सपाट प्रदेशाचा निकष लावला तर सुमारे २३५ उपकेंद्रे आणि ३९ प्राथमिक आरोग्य केंद्रे असा आकडा येतो. जागतिक आरोग्य संघटनेने शाश्वत विकास उद्दिष्टांच्या संदर्भात मांडलेले प्रमाण, म्हणजे दर हजार लोकांमागे डॉक्टर, परिचारिका व प्रसविका मिळून ४.४५, हे घेतले तर याच लोकसंख्येला ५,२००हून अधिक प्रशिक्षित माणसे लागतात, आणि त्याच संघटनेच्या २००६च्या अहवालातील २.२८ हे किमान प्रमाण घेतले तरी ती संख्या २,६००च्या वर जाते. हे आकडे दिशा दाखवतात, पण त्यांवरून कोणत्या खाटेशेजारी कोण हवे हे कळत नाही.

दुसरी पातळी आकृतिबंधाची. आकृतिबंध म्हणजे एखाद्या संस्थेत कोणत्या संवर्गाची किती पदे असावीत याला शासनाने दिलेली मंजुरी. प्रशासनातील सर्व हिशेब मंजूर, भरलेली आणि रिक्त या तीन रकान्यांत होतो, त्यामुळे मंजूर पदे हीच गरज आहे असे गृहीत धरले जाते. प्रत्यक्षात आकृतिबंध ठरल्यानंतर लोकसंख्या वाढते, आजारांचे स्वरूप बदलते, मधुमेह आणि उच्च रक्तदाबाच्या तपासणीसारखी नवी कामे उपकेंद्रापर्यंत येतात, आणि मंजुरी मात्र जुन्याच आकड्यावर थांबते. सर्व पदे भरली तरी माणसे अपुरी पडू शकतात, ही गोष्ट रिक्त पदांच्या चर्चेत हरवते.

तिसरी पातळी कामाच्या भाराची, आणि ती अधिक विस्ताराने समजून घेण्यासारखी आहे. जागतिक आरोग्य संघटनेने विकसित केलेल्या कार्यभारावर आधारित पद्धतीत एखाद्या कामाला लागणारा वेळ आणि एका कर्मचाऱ्याकडे वर्षभरात खरोखर उपलब्ध असणारा वेळ यांचा भागाकार केला जातो. प्रसूती कक्षात चोवीस तास एक परिचारिका हवी असेल तर वर्षाचे ८,७६० तास भरून काढावे लागतात. एका परिचारिकेच्या ३६५ दिवसांतून साप्ताहिक सुट्ट्या, सण, अर्जित व नैमित्तिक रजा आणि प्रशिक्षणाचे दिवस वजा केले तर साधारण २५० दिवस उरतात. रोजच्या आठ तासांप्रमाणे ते २,००० तास होतात. म्हणजे एक जागा सतत भरलेली ठेवायला चारहून अधिक, व्यवहारात पाच परिचारिका लागतात. तीन पाळ्यांसाठी तीन परिचारिका पुरतात या समजुतीवर आखलेला कक्ष पहिल्याच आजारपणात किंवा पहिल्याच बाळंतपणाच्या रजेत कोलमडतो, आणि मग उरलेल्या दोघींवर दुहेरी पाळीचा भार पडतो. जिल्ह्यातील रुग्णालयांत परिचारिका थकलेल्या आणि त्रासिक दिसतात, अशी तक्रार करणाऱ्या प्रत्येकाने हा भागाकार एकदा करून पाहावा.

भारासोबत संघाचाही विचार करावा लागतो. सिझेरियन शस्त्रक्रियेसाठी स्त्रीरोगतज्ज्ञ, भूलतज्ज्ञ आणि नवजात बाळाला सांभाळणारा बालरोगतज्ज्ञ असे तिघे आणि रक्ताची सोय हवी. यांतील भूलतज्ज्ञ नसेल तर उरलेल्या दोघांच्या कौशल्याचा त्या रात्री उपयोग होत नाही, आणि रुग्णवाहिका नांदेडच्या दिशेने निघते. आकडेवारीत मात्र अशा रुग्णालयातील तज्ज्ञांची दोन-तृतीयांश पदे भरलेली दिसतात. ऑक्टोबर २०२३च्या आरंभी नांदेडच्या शासकीय रुग्णालयात चोवीस तासांत चोवीस रुग्ण दगावल्याचे वृत्त आले. त्यांत बारा नवजात बालके होती आणि मुंबई उच्च न्यायालयाने त्याची स्वतःहून दखल घेतली. आजूबाजूच्या जिल्ह्यांतून गंभीर अवस्थेत येणाऱ्या रुग्णांचा ओघ आणि कर्मचाऱ्यांची रिक्त पदे हे दोन्ही मुद्दे त्या वेळी चर्चेत आले. वरच्या रुग्णालयावरील ताण हा खालच्या पायऱ्यांवरील रिकाम्या जागांचा परिणाम असतो, हे त्या घटनेच्या चर्चेत पुरेशा स्पष्टपणे बोलले गेले नाही.

भरतीच्या बाबतीत अलीकडचा अनुभव क्लेशकारक आहे. मार्च २०१९मध्ये राज्यातील जिल्हा परिषदांच्या भरतीच्या जाहिराती निघाल्या, लाखो तरुणांनी शुल्क भरून अर्ज केले, परीक्षा वर्षानुवर्षे लांबली आणि अखेर ती प्रक्रिया रद्द होऊन ऑगस्ट २०२३मध्ये १९,४६० पदांसाठी नव्याने जाहिरात काढावी लागली. ऑक्टोबर २०२१मध्ये सार्वजनिक आरोग्य विभागाच्या गट क आणि गट ड पदांच्या परीक्षा झाल्या, त्यांच्या प्रश्नपत्रिका फुटल्याचे पोलीस तपासात उघड झाले आणि त्या परीक्षाही रद्द झाल्या; २०२३मध्ये त्याच विभागाला १०,९४९ पदांसाठी पुन्हा जाहिरात द्यावी लागली. २०१९ आणि २०२३ या वर्षांच्या मध्ये करोनाची साथ येऊन गेली, हे विसरता कामा नये. ज्या काळात माणसांची गरज सर्वाधिक होती, त्याच काळात नियमित भरती ठप्प होती आणि तीन-तीन महिन्यांच्या नेमणुकांवर काम निभावले गेले. साथ ओसरल्यावर त्या माणसांना घरी पाठवण्यात आले आणि त्यांच्याबरोबर त्यांनी मिळवलेला अनुभवही गेला.

नियमित भरती अडली की कंत्राटी नेमणुकांची संख्या वाढते. राष्ट्रीय आरोग्य अभियानातील अनेक कर्मचारी दहा-बारा वर्षे अकरा महिन्यांच्या करारावर काम करत राहिले; त्यांच्या दीर्घ आंदोलनानंतर मार्च २०२४मध्ये दहा वर्षे सेवा झालेल्यांना नियमित पदांवर सामावून घेण्याचा निर्णय राज्य शासनाने केला. डॉक्टरांच्या बाबतीत बंधपत्राचा मार्ग अवलंबला जातो, म्हणजे शासकीय महाविद्यालयातून एमबीबीएस झालेल्याने एक वर्ष शासकीय सेवा द्यावी अशी अट असते. बंधपत्राने जागा भरते हे खरे, पण गावाला डॉक्टर ओळखीचा होईपर्यंत वर्ष संपलेले असते. भरतीच्या नियमांत स्थानिक अनुभवाची कदर करणारी एक जुनी तरतूद मात्र उल्लेखनीय आहे. आरोग्य सेवक पुरुष या संवर्गातील निम्मी पदे हंगामी फवारणीचे काम केलेल्या उमेदवारांसाठी ठेवली जातात. गावोगाव हिवतापविरोधी फवारणी करत फिरलेल्या माणसाला वस्त्या, पाणवठे आणि घरे ठाऊक असतात, हे या नियमाने मान्य केले. हेच तत्त्व इतर संवर्गांना का लावले जाऊ नये, याचे समाधानकारक उत्तर मिळत नाही.

या तत्त्वाचा सर्वांत मोठा पुरावा महाराष्ट्रातच आहे. डॉ. रजनीकांत व डॉ. मेबेल आरोळे यांनी १९७०मध्ये जामखेडला सुरू केलेल्या प्रकल्पात गावांनीच निवडलेल्या, बहुतांश निरक्षर आणि अनेक दलित असलेल्या स्त्रियांना आरोग्यकार्याचे शिक्षण दिले गेले, आणि गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी गावातील प्रशिक्षित स्त्रिया घरच्या घरी नवजात बाळांचे प्राण वाचवू शकतात हे शास्त्रीय पद्धतीने सिद्ध केले. त्यांचा शोधनिबंध १९९९मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. २००५नंतर देशभर आलेली आशा ही योजना या परंपरेशी जोडलेली आहे. पण जामखेडच्या स्त्रीला दर आठवड्याला शिक्षण, चर्चा आणि सन्मान मिळत होता, तर आशेच्या वाट्याला कामांची वाढती यादी, मोबाइलवरील नोंदी आणि कामागणिक मोबदला आला. अनेक आशा पुढे शिकू इच्छितात. आशेपासून आरोग्य सेविका, आरोग्य सेविकेपासून परिचारिका अशी शिक्षणाची आणि पदोन्नतीची वाट जिल्ह्यातच उपलब्ध झाली, तर गाव सोडून न जाणारे मनुष्यबळ मिळवण्याचा तो सर्वांत खात्रीचा उपाय ठरेल. जागतिक आरोग्य संघटनेने २०१० आणि पुन्हा २०२१मध्ये दिलेल्या मार्गदर्शक सूचनांतही ग्रामीण पार्श्वभूमीच्या विद्यार्थ्यांची निवड, शहराबाहेरील शिक्षणसंस्था आणि निवास, सुरक्षितता व व्यावसायिक आधार यांवर एकत्रित भर दिला आहे; केवळ भत्ता वाढवून कोणी टिकत नाही.

येथे मध्यम स्तरावरील चिकित्सकाचा प्रश्नही येतो. स्वातंत्र्यापूर्वी देशातील नोंदणीकृत डॉक्टरांपैकी निम्म्याहून अधिक लहान मुदतीचा अभ्यासक्रम केलेले लायसेन्शिएट होते. भोर समितीने एकाच प्रकारचा पदवीधर डॉक्टर असावा अशी शिफारस केली आणि हा वर्ग संपला. २०१८नंतर उपकेंद्रांचे रूपांतर आरोग्यवर्धिनी केंद्रांत होऊ लागले तेव्हा सहा महिन्यांचे प्रशिक्षण घेतलेले समुदाय आरोग्य अधिकारी नेमले गेले आणि महाराष्ट्रात त्यांत आयुर्वेद पदवीधरांची संख्या मोठी राहिली. सत्तर वर्षांनी तोच प्रश्न दुसऱ्या दाराने परत आला. या पदाला स्थिर सेवाशर्ती आणि सतत शिक्षण दिले तर ते ग्रामीण आरोग्याचा कणा होऊ शकते. न दिल्यास पदव्युत्तर प्रवेशाची किंवा नियमित नोकरीची वाट पाहण्याचे ते ठिकाण राहील.

विकास म्हणजे केवळ प्रशिक्षण वर्ग नव्हे, हे डॉ. हिंमतराव बावस्कर यांच्या कार्यावरून दिसते. मराठवाड्यातील जालना जिल्ह्यात जन्मलेल्या या डॉक्टरांनी महाड परिसरातील प्राथमिक आरोग्य केंद्रात काम करताना विंचूदंशाने होणारे मृत्यू पाहिले, एकाच ठिकाणी राहून रुग्णांच्या बारकाईने नोंदी ठेवल्या आणि प्राझोसिन या औषधाचा उपयोग जगापुढे मांडला. अशी निरीक्षणे वर्षभराच्या नेमणुकीत होत नाहीत. हिंगोलीच्या शेतशिवारातही पावसाळ्यात सर्पदंशाचे रुग्ण येतात. त्यांच्यावर उपचार करणाऱ्या वैद्यकीय अधिकाऱ्याला नोंदी ठेवण्याची सवड, वाचण्याची सोय आणि वरिष्ठांशी बोलण्याचा हक्क मिळाला, तर तोही आपल्या जागी अभ्यासक होऊ शकतो.

आता जिल्ह्यापुढे मोठी संधी आली आहे. ९ ऑक्टोबर २०२४ रोजी राज्यातील दहा नव्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचे उद्घाटन झाले. त्यांत जालन्यासह हिंगोलीचा समावेश होता आणि धाराशिव व परभणी येथे आधी सुरू झालेली महाविद्यालये धरून मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांत शासकीय वैद्यकीय शिक्षण पोहोचले. हिंगोलीची प्रवेशक्षमता शंभर आहे. राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या २०२३च्या किमान मानकांनुसार शंभर जागांसाठी ४२० खाटा आणि ८५ अध्यापक अपेक्षित असतात. ज्या जिल्ह्याला एक भूलतज्ज्ञ टिकवणे जड जाते त्याने ८५ अध्यापक कोठून आणावेत, हा प्रश्न टाळता येण्याजोगा नाही. इतर महाविद्यालयांतून तपासणीपुरते प्रतिनियुक्तीवर आणलेले अध्यापक हे त्याचे उत्तर असू शकत नाही. त्याने एक जिल्हा भरतो आणि दुसरा रिकामा होतो. पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी तीन महिने जिल्हा रुग्णालयात काम करण्याची जिल्हा निवासी योजना, शेजारच्या महाविद्यालयांशी जोडलेले अध्यापन आणि परिचर्या व प्रयोगशाळा तंत्रज्ञांचे अभ्यासक्रम याच आवारात सुरू करणे, हे मार्ग अधिक टिकाऊ आहेत. डॉक्टरांचे महाविद्यालय आले की परिचारिका व तंत्रज्ञांच्या शिक्षणाकडे दुर्लक्ष होते, हा राज्यातील जुना दोष हिंगोलीत तरी टळावा.

२०२४मध्ये प्रवेश घेतलेली पहिली तुकडी साडेचार वर्षांचा अभ्यासक्रम आणि एक वर्षाची आंतरवासिता पूर्ण करून २०३०च्या सुमारास बाहेर पडेल. त्यांच्यातील तज्ज्ञ होऊ इच्छिणारे आणखी तीन वर्षे शिकतील. जिल्हा परिषद, जिल्हा रुग्णालय, राष्ट्रीय आरोग्य अभियान आणि वैद्यकीय महाविद्यालय या चौघांनी मिळून जिल्ह्यातील प्रत्येक आरोग्य कर्मचाऱ्याची एकच नोंदवही तयार करण्यासाठी आणि कामाच्या भारावर आधारलेला आकृतिबंध शासनाकडे मागण्यासाठी हिंगोलीकडे २०३०पर्यंतचाच वेळ आहे, आणि ही मागणी जिल्ह्याच्या लोकप्रतिनिधींनी आणि नागरिकांनी आताच लावून धरावी.